मुलांना कॉम्प्युटरवर ग्रह-तारे काढायला शिकवायचेत, सुरुवात कुठून करू?

विज्ञानबाई (खानापूर तालुका)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूच्या एका मराठी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. चित्रकलेची जागा आमच्याकडे आहे, माणूस नाही. त्यामुळे २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनाला मुलांनी काढलेली डिजिटल चित्रं शाळेतल्या टीव्हीवर लावायची, अशी टूम निघाली तेव्हा सगळ्या स्टाफनं माझ्याकडं बघितलं. अंतराळ म्हणजे विज्ञान, विज्ञान म्हणजे बाई. झालं!

सामानसुमान सांगते. चार डेस्कटॉप आहेत, जुने. त्यातल्या एकाला बाजूनं थाप दिल्याशिवाय तो उठत नाही. माझा स्वतःचा एक टॅब आहे, त्याला पेन आहे. बाकी पोरांच्या घरचे मोबाइल, म्हणजे वडील संध्याकाळी कामावरून आले की मिळणारे. आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. जूनपासून आकाश असं दिसलेलंच नाही. लाईट असली तर नेट नाही, नेट असलं तर लाईट नाही.

मुलांचा उत्साह दांडगा आहे. अडचण अशी की सगळ्यांचं चित्र एकच येतंय. पाठीमागं काळा रंग, त्यावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सारख्या अंतरावर पांढरे तारे आणि मधोमध चकाकणारा एक गोळा. लाल केला की मंगळ, निळा केला की नेपच्यून, कडं घातलं की शनी. एकानं तर गोळ्याला चारी बाजूंनी पिवळी प्रभा दिली आणि खाली लिहिलं 'बुध'.

आठवीतल्या एका हुशार गड्यानं मोबाइलवरच्या एआयला सांगून शनी करून आणला. लांबून बघितलं तर झकास. जवळून बघितलं तर कडं गोळ्याच्या पुढूनही पूर्ण जातंय आणि मागची बाजूही गोळ्यातून आरपार दिसतेय. मी विचारलं, ह्याच्यात सूर्य कुठं आहे? तर म्हणतो, "टीचर, अंतराळात असतोय की कुठंतरी."

आणि सातवीतल्या एका मुलीनं बोटानं चंद्रकोर काढली, पूर्ण आडवी, दोन्ही टोकं आकाशाकडं. वर्गातल्या सगळ्यांनी तिला खुळ्यात काढलं, कारण पुस्तकात कोर उभी असते. ती काही हटली नाही. "मी परीक्षेच्या दिवसांत अंगणातनं बघितलीय" म्हणाली. तिचं बरोबर असणार असं मलाही वाटतंय, पण वर्गाला पटेल असं कारण हवंय.

तर विचारायचं ते हे. अशा मशीनवर चालेल असं फुकटचं काय आहे? पहिल्या तासाला काय काढायला लावू? रंग कुणाचे खरे मानायचे? आणि एआयवाल्या गड्याचं काय करू? त्याला नुसतं नको म्हटलं तर तो माझ्या तासालाच यायचा नाही.

---

मोडका स्टायलस (टिळकवाडी)

बाई, मी अॅनिमेशनचा कोर्स करतोय, सॉफ्टवेअरचं तेवढं सांगतो. चित्रातलं ज्ञान बाकीचे देतील.

डेस्कटॉपला ४ जीबी रॅम असेल तर क्रिटा टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत, एकदा पेनड्राइव्हवरून टाकलं की नेट लागत नाही. रॅम कमी असेल तर जिम्प. त्याहून जुनं असेल तर टक्स पेंट, ते लहान मुलांचं आहे, पण गोल आणि स्प्रे त्यातही आहे. मोबाइलवर आयबिस पेंट बरं पडतं. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात आणि काही ब्रश जाहिरात बघितल्यावरच उघडतात. ते बिनउघडलेले ब्रश तसेच राहू द्यात, काही अडत नाही.

पोरांना पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी दाखवा: लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा), एअरब्रश आणि 'क्लिपिंग'. गोल एका लेयरवर काढायचा, सावली त्याच्या वरच्या लेयरवर. वरचा लेयर खालच्याला क्लिप केला की सावली गोलाच्या बाहेर सांडत नाही. सावलीचा लेयर 'मल्टिप्लाय'वर ठेवायचा, म्हणजे खालचा रंग गडद होतो. क्रिटात क्लिपिंग 'इनहेरिट अल्फा' नावानं सापडेल, पण तिथं गोल आणि सावली एका ग्रुपमध्ये ठेवायला विसरू नका, नाहीतर काहीच होत नाही आणि पोरं म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलंय.

माऊसनं गोळा काढता येतो, त्याला टॅब लागत नाही. आणि तयार 'प्लॅनेट ब्रश' कुणाला डाऊनलोड करू देऊ नका. ते शिक्के आहेत, शिक्के मारून काही शिकता येत नाही.

---

कॅम्पातला मास्तर

बाई, तुम्ही त्या मुलाला विचारलंत तोच प्रश्न रोज विचारा. सूर्य कुठं आहे? बाकी सगळं त्याच्या मागनं येतं. मी बेळगावात ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. पोरांना गोळा शेड करायला शिकवण्यात माझी हयात गेली, आणि ग्रह म्हणजे शेवटी एकाच दिव्याखाली ठेवलेला गोळा. फरक एवढाच की खोलीत भिंतीवरून, टेबलावरून उजेड परत येतो आणि सावलीची बाजू थोडी उजळते. अंतराळात भिंत नाही. अंधारी बाजू म्हणजे काळी ती काळीच. पोरं ग्रहाची सगळी बाजू दाखवायच्या हौसेनं तिथं करडा रंग भरतात आणि गोळा चपटा होतो.

पहिल्या तासाला कॉम्प्युटर चालूच करू नका. खिडक्या लावून घ्या, एक पांढरा रबरी चेंडू, एक बॅटरी. चेंडू टेबलावर ठेवून पोरांना भोवती बसवा आणि प्रत्येकानं आपल्या जागेवरून दिसतो तसा कागदावर काढायचा. कुणाला कोर मिळेल, कुणाला अर्धा, बॅटरीच्या मागं बसलेल्याला पूर्ण. एकच चेंडू, एकच बॅटरी. तिथंच कलांचा धडा होऊन जातो, तुमचा विज्ञानाचा तासही वाचतो.

आता त्या कोरीचं. पोरं कोर कशी काढतात? एक गोल काढला, त्यावर काळा गोल सरकवला. सोपं आहे, पण चूक आहे. त्यानं टोकं अर्ध्याच्या पुढं वळतात. ग्रहणात चंद्र तसा कापला जातो, कारण तिथं पृथ्वीची गोल सावली पडते. रोजच्या कोरीत कुणाची सावली नसते, चंद्राची स्वतःचीच रात्र असते. म्हणून कोरीची दोन टोकं नेहमी बरोबर समोरासमोर, व्यासाच्या दोन टोकांवर येतात, आणि आतली कड ही लंबवर्तुळाची अर्धी बाजू असते. क्रिटात लंबवर्तुळाचं साधन आहेच. गोलाइतकीच उंची ठेवून रुंदी कमी-जास्त करायला सांगा, बीजेपासून पौर्णिमेपर्यंतच्या सगळ्या कला एकाच फाइलमध्ये निघतील.

आणि कृपा करून कोरीच्या पोटात चांदणी काढू देऊ नका. तिथं चंद्र आहे, तो नुसता अंधारात आहे. त्याच्या आरपार तारा दिसणार कसा? उलट तिथं अगदी फिका निळसर करडा रंग द्या, पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाचा. अंधाऱ्या बाजूला उजेड द्यायची ही एकच जागा, कारण इथं भिंतीचं काम पृथ्वी करते.

त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी सांगा. तिचंच बरोबर. उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडं असते. आपण साधारण १६ अंश उत्तरेला आहोत. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी सूर्य आणि चंद्र ज्या मार्गावरून जातात तो मार्ग आपल्याकडं क्षितिजाशी जवळजवळ उभा असतो. सूर्य सरळ खाली बुडालेला, चंद्र त्याच्या डोक्यावर. मग उजेड खालून येणार आणि कोर आडवी दिसणार. तीच कोर सप्टेंबरात बघा, कललेली दिसेल. पुस्तकातली उभी कोर ही बहुतेक लांब उत्तरेकडच्या देशांत बसून काढलेली असते, त्यांचा सूर्य तिरका बुडतो. तेव्हा आपल्या पोरांनी आपल्या अंगणातली कोर काढावी.

आता एक गंमत, जी चांगल्या चांगल्या चित्रकारांना ठाऊक नसते. पौर्णिमेचा चंद्र शेड करायचा नाही! चेंडूच्या कडा काळवंडतात तशा चंद्राच्या काळवंडत नाहीत. त्याच्यावरची धूळ इतकी खडबडीत आहे की उजेड आला तिकडंच परत फेकते, म्हणून पूर्ण चंद्र सपाट ताटलीच दिसतो. गुरूचं उलट. तो ढगांचा आहे, त्याच्या कडा मंद होत जातात. एकाच तासाला दोन्ही काढायला लावा.

विवरांचाही असाच घोटाळा होतो. उजेड डावीकडून असेल तर खड्ड्याची डावी आतली भिंत काळी आणि उजवी उजळ. डोंगर असेल तर बरोबर उलट. पोरं डावीकडून उजेड घेतात, डावी कड उजळवतात आणि चंद्रावर खड्ड्यांऐवजी फोड येतात. विवरं गोलाच्या कडेला गेली की लंबगोल झाली पाहिजेत, हेही बघा. आणि ज्या रेषेवर दिवस-रात्र मिळतात तिथंच सावल्या लांब आणि तपशील जास्त. बाकी ठिकाणी हात आखडता घ्यायचा.

शनीचं कडं दोन तुकड्यांत काढा. मागचं अर्धं गोळ्याच्या खालच्या लेयरवर, पुढचं अर्धं वरच्या. मोजमाप द्या: मुख्य कड्यांचा व्यास गोळ्याच्या सव्वादोन पट. आपल्याला कडं जास्तीत जास्त २७ अंश कललेलं दिसतं, म्हणजे लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या ४५ टक्क्यांच्या वर जात नाही. मार्च २०२५ मध्ये तर ते कडेवरून दिसायच्या स्थितीत आलं होतं, नुसती रेघ. आणि सावल्या दोन: कड्याची गोळ्यावर आणि गोळ्याची मागच्या कड्यावर. एआयच्या चित्रात ह्या दोन सावल्या आहेत का, ते त्या गड्याला शोधायला लावा. त्याला चित्र करू नको म्हणू नका, तपासनीस करा. छापून आणलेल्या चित्रावर लाल पेनानं चुका काढू दे. त्यातनंच शिकेल.

२३ ऑगस्टचा विषय चंद्रयान-३ असणार, तर त्यातल्या विक्रम लँडरचं चित्र कुणीतरी काढणारच. ते चंद्रावर साधारण ६९ अंश दक्षिणेला उतरलंय. तिथं भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून २१ अंशांच्या आसपासच चढतो. मग सावली उंचीच्या किती पट? तुम्ही गणिताच्याही बाई आहात. अडीचपटीच्या वर येते. विक्रम उतरलं ते तिथल्या सकाळी, म्हणजे सावली त्याहून लांब. पायाखाली गोल सावली काढली तर ते यान जांबोटीच्या मैदानावर मे महिन्यात उतरलंय असं समजायचं. पृथ्वी काढायची असेल तर उत्तरेच्या आकाशात, क्षितिजापासून फार वर नाही, आणि आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या पावणेचार पट रुंद. डोक्यावर नको.

लांबलं जरा. मास्तरकीची खोड.

---

दुर्बीण_निपाणी

मास्तरांनी रंगाला हात लावला नाही, तो मी लावतो. मी हौसेखातर गुरूचे फोटो रंगवत बसतो. जुनो यान जुलै २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय, त्याच्या कॅमेऱ्याच्या कच्च्या प्रतिमा नासा सगळ्यांना उघड्या ठेवते. त्या उतरवून जिम्पमध्ये रंग जुळवायचे. त्या निळ्या-केशरी भोवऱ्यांच्या चित्रांतली बरीचशी माझ्यासारख्याच हौशी माणसांनी वाढवलेल्या रंगांची आहेत. डोळ्यांना गुरू दिसतो तो फिका, साय आणि तांबूस पट्ट्यांचा.

नेपच्यून गर्द निळा काढणाऱ्या पोराला रागवू नका. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यानानं पाठवलेले फोटो ढग उठून दिसावेत म्हणून मुद्दाम गडद केले होते. तेव्हा तसं सांगितलंही होतं, पण पुढं फोटो राहिला आणि सूचना गळाली. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जुन्या प्रतिमांचे रंग नव्यानं जुळवले, तर युरेनस आणि नेपच्यून दोन्ही फिके हिरवट निळेच निघाले, नेपच्यून किंचित जास्त निळा.

तेजोमेघांचं, म्हणजे अंतराळातल्या वायू-धुळीच्या ढगांचं, तर विचारूच नका. हबल दुर्बिणीचा गरुड तेजोमेघातल्या खांबांचा १९९५ चा प्रसिद्ध फोटो घ्या. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग वाटून दिलाय. हायड्रोजनचा तो उजेड खरं तर लाल असतो. जेम्स वेब दुर्बीण तर अवरक्त किरणांत बघते, जे आपल्याला दिसतच नाहीत, त्यामुळं त्यातला प्रत्येक रंग कुणीतरी ठरवून दिलेला.

म्हणून माझा आग्रह: प्रत्येक चित्राखाली एक ओळ हवीच. 'डोळ्यांना दिसेल तसा', 'वाढवलेला' किंवा 'आम्ही दिलेला' रंग. ह्यात सूट नको. अंतराळ दिनाला गावकरी येणार, टीव्हीवर दिसेल ते खरं समजणार.

मंगळाचं मात्र एक आवर्जून काढून घ्या. दिवसा आकाश मातकट आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर. आपल्या बरोबर उलट. पोरांना हे फार आवडतं. आणि गुरूचा गोळा कंपासनं काढू नका. विषुववृत्तावर व्यास १,४२,९८४ किमी, ध्रुवांकडून १,३३,७०८. म्हणजे १५ सेंटिमीटर रुंद काढला तर उंची १४. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यानं पोट सुटलंय. लाल डाग (गुरूवरचं मोठं वादळ) दक्षिणेच्या बाजूला, आणि तो अजूनही पृथ्वीपेक्षा रुंद आहे.

---

मूर्तीवाला (अनगोळ)

टीचर, मी गणपती रंगवतो, आता सीझन आहे, रात्री दोन वाजता लिहालोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ते एअरब्रश एअरब्रश म्हणालेत ते आमचं स्प्रे गनच की. पोरांना एक सांगा. गन जवळ धरला की कड कडक येते, लांब धरला की मऊ. ग्रहाची बाहेरची कड कडक पाहिजे आणि दिवस-रात्रीची कड मऊ. पोरं काय करतात, बाहेरची कड पण मऊ मारतात, मग तो ग्रह वाटत नाही, कापसाचा बोळा वाटतो. आम्ही मुकुटाच्या कडेला जुन्या एक्स-रेची फिल्म कापून धरतो, रंग पलीकडं जात नाही. तुमच्या त्या क्लिपिंगचं काम तेच. पोरांना आधी एक्स-रे आणि दात घासायच्या ब्रशनं कागदावर करू द्या, मग मशीनवर गेली की आपोआप कळतंय.

चांदण्यांचं पण तसंच. काळा कागद घ्या, जुन्या टूथब्रशला पांढरा पोस्टर कलर, पाणी एकदम कमी, आणि अंगठ्यानं शिंतोडे. बारीक बारीक शेकडो पडतात, मोठे दोन-चारच पडतात. आकाशात पण तसंच असतंय न्हवं? ठरवून मारलेले ठिपके कधी तसे येत नाहीत. मग मोबाइलवर फोटो काढा, माझा पोरगा म्हणतोय लेयर 'स्क्रीन'वर ठेवला की काळं गायब होतंय आणि चांदण्याच उरतात. त्यानं करून दाखवलं मला, खरंच होतंय. कागदाला डावीकडं-उजवीकडं वेगवेगळ्या दिशेनं शिंतोडे मारा म्हणजे एका जागी दाट, एका जागी विरळ येईल.

निपाणीच्या दादांचं मला पटलं नाही पण. तुम्ही म्हणता रंग खरा खोटा लिहा. लिहा की. पण पोराला आधी मनासारखा रंग मारू दे. आम्ही गणपतीला निळं पीतांबर नेसवलं म्हणून कोण विचारतंय काय खरा रंग कुठला? पोराचा हात एकदा बसला पाहिजे. पहिल्याच दिवशी 'हे खोटं आहे' म्हटलं तर ते पोरगं ब्रश खाली ठेवतंय, परत उचलत नाही. मी माझ्याकडं कामाला येणाऱ्या पोरांत बघितलंय हे.

---

दुर्बीण_निपाणी

अहो, मनासारखा मारू दे की, मी कुठं नको म्हणतोय? फक्त खाली 'आम्ही दिलेला' एवढं लिहा. ब्रश खाली ठेवायचं कारण काय त्यात? चेस्ली बोनस्टेलसारख्या नावाजलेल्या अंतराळ चित्रकारानं १९४४ साली टायटन ह्या शनीच्या चंद्रावरून दिसणारा शनी काढला तेव्हा वर निळं आकाश दाखवलं होतं. पुढं कळलं की टायटनवर दाट नारिंगी धुकं आहे, २००५ साली हायगेन्स यान तिथं उतरलं. त्याच्या वेळेला जे ठाऊक होतं त्यावरून त्यानं काढलं. पोरांनीही तेच करावं, पण जे ठाऊक आहे ते आधी त्यांना सांगा तरी.

---

विज्ञानबाई (खानापूर तालुका)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये लाईट नव्हती.

चेंडू आणि बॅटरीचा तास घेतला. खिडक्या लावायची गरजच पडली नाही, बाहेर पावसानं एवढं अंधारलेलं. कोरीवाल्या मुलीला मुद्दाम चेंडूच्या पलीकडं, अगदी जवळ, खाली बसवलं आणि चेंडू उचलून धरून बॅटरी त्याच्या खालून, तिच्या समोरच्या बाजूनं धरली. तिला आडवी कोर दिसली, मग बाकीच्यांनी रांगेत येऊन तिच्या जागेवर बसून बघितलं. आता उभी कोर काढणाऱ्यालाच वर्ग हसतोय. त्यालाही समजवावं लागलं की लंडनमध्ये बसलास तर तुझीही बरोबर.

एआयवाल्या गड्याला तपासनीस केलं. त्यानं स्वतःच्या शनीवर लाल पेनानं चार चुका काढल्या, पैकी एक मला दिसलेलीच नव्हती: गोळ्यावर उजेड डावीकडून आणि कड्यावर उजवीकडून. आता तो सगळ्यांच्या चित्रांवर लाल पेन घेऊन फिरतोय, तोही त्रासच आहे.

रंगाचं मी असं ठरवलंय: प्रत्येकाचे दोन गोळे. एक मनाचा, एक दिसेल तसा, शेजारी शेजारी. मूर्तीवाले मामा, मनाचा आधी. निपाणीचे दादा, ओळ दोन्हींच्या खाली.

आता दोन अडचणी. एक, गुरूचे पट्टे. पोरं गोळ्यावर सरळ आडव्या रेघा मारतात, ते पट्टे गोळ्याला चिकटलेले वाटतच नाहीत. दोन, हेडमास्तर म्हणतात टीव्ही एकच आहे, थोडी चित्रं छापूनही लावू. गावातल्या दुकानात एक छापून बघितलं तर सगळं काळं कुळकुळीत, विवरं गायब. स्क्रीनवर तर छान दिसत होती.

---

मोडका स्टायलस (टिळकवाडी)

पट्ट्यांना युक्ती आहे. गोळ्यावर काढूच नका. २०४८ बाय १०२४ पिक्सेलची आडवी फाइल घ्या, रुंदी उंचीच्या दुप्पट. त्यावर पट्टे सरळ आडवे मारा, कडा बोटानं ओढल्यासारख्या 'स्मज'नं थोड्या लाटा काढा, खालच्या अर्ध्यात लाल डाग. क्रिटात डब्ल्यू दाबलं की फाइलची उजवी कड डावीला जोडून दिसते, तिथं पट्टे जुळवून घ्या. मग ती फाइल जिम्पमध्ये उघडून फिल्टर्समधलं 'मॅप', त्यात 'मॅप ऑब्जेक्ट', त्यात 'स्फिअर' निवडा. पट्टे गोळ्यावर आपोआप गुंडाळले जातात. तिथं उजेडाची दिशाही देता येते, पण मास्तर रागावतील, तेव्हा उजेड बंद ठेवून सावली पोरांच्या हातानंच मारून घ्या. शेवटी उंची थोडी दाबा, १५ ला १४.

ज्यांना हातानंच काढायचंय त्यांनी अक्ष थोडा आपल्याकडं कललेला धरून प्रत्येक पट्टा लंबवर्तुळाच्या कमानीनं काढावा. सगळ्या कमानींचा बाक एकाच दिशेला.

छपाईचं: स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद टाकत नाही. अगदी गडद करड्या छटा कागदावर काळ्यातच बुडतात. छापायच्या फाइलची वेगळी कॉपी करा आणि 'कर्व्ह्ज'मध्ये (उजेड-अंधार कमी-जास्त करायचं साधन) खालचा अंधारा भाग थोडा उचला, स्क्रीनवर जरा फिकं वाटेल इतका. झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या कागदावर नको, काळी शाई तो पिऊन टाकतो आणि लाटा येतात. फोटो स्टुडिओत मॅट कागदावर काढा, चकचकीतवर ट्यूबलाइट चमकते. सगळी एकदम देऊ नका. एकाच चित्राच्या तीन कॉपी, कमी-जास्त उजळ केलेल्या, एका ४ बाय ६ वर शेजारी शेजारी बसवून एकच प्रिंट मागा. ज्यात विवरं दिसतील तोच आकडा बाकीच्या चित्रांना लावा.

आणि तपासनीस साहेबांना सांगा, छापलेल्या चित्रांवर पेन्सिल वापरा म्हणून.

---

कॅम्पातला मास्तर

उजेड बंद ठेवायचा सल्ला ऐकून बरं वाटलं. बाई, छापताना चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण काढून घ्या, सूर्य कुठल्या बाजूला आहे तो दाखवणारा. टीव्हीवर लावायच्या चित्रांवरही. बाण एकीकडं आणि उजेड दुसरीकडं असलेलं चित्र परत पाठवायचं, मग ते कुणाचं का असेना.

---

विज्ञानबाई (खानापूर तालुका)

बाण आजपासून सुरू. पहिलं परत पाठवलेलं चित्र हेडमास्तरांच्या मुलाचं निघालंय.